‘सब्स्टिट्यूट’ : अर्थ, रचना आणि व्यवहार

काही वर्षांपूर्वी एका अभ्यासमंडळाच्या सभेचे इतिवृत्त इंग्रजीत लिहिले गेले. त्यातील एक नोंद अशी होती : ‘पेपर फोर : प्रॉसडी टु बी सब्स्टिट्यूटेड’. त्या अभ्यासक्रमाचे अध्यापन त्या वर्षी प्रथमच हाती घेणाऱ्या दोन प्राध्यापकांनी ती वाचली. चौथ्या प्रश्नपत्रिकेत छंदःशास्त्र नव्याने आले, असा एकाचा समज झाला. ते त्या प्रश्नपत्रिकेतून गेले, असा दुसऱ्याचा. पहिल्याने सत्राचे सहा आठवडे छंदांवर खर्च केले, दुसऱ्याने त्या विषयाला हात लावला नाही, आणि दोघांचेही विद्यार्थी वर्षाअखेर एकाच परीक्षेस बसले. दोघांचेही इंग्रजी उत्तम होते. वाद कोशाने मिटेल म्हणून कोश काढला, तर तो दोघांच्याही बाजूने बोलला.

प्रस्तुत लेखाचा विषय हा असा दुतोंडी झालेला शब्द होय. ‘सब्स्टिट्यूट’ म्हणजे एकाच्या जागी दुसरे ठेवणे, एवढे सांगून सामान्यतः आपण पुढे जातो. परंतु या व्यापारात तीन घटक असतात : येणारा, जाणारा, आणि ज्यात हा बदल घडतो ते स्थळ किंवा तो समूह. कोणता घटक वाक्यात कर्म म्हणून यावयाचा, हा प्रश्न अर्थाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि नेमक्या याच ठिकाणी इंग्रजी व्यवहार दुभंगलेला दिसतो.

व्युत्पत्तीकडे पाहिले असता मूळची दिशा स्पष्ट होते. लॅटिनमधील ‘सुब्स्तितुएरे’ हे क्रियापद ‘सुब्’ म्हणजे खाली वा मागोमाग, आणि ‘स्तातुएरे’ म्हणजे उभे करणे, स्थापणे, यांच्या संयोगाने बनले. या दुसऱ्या अंशाचे मूळ आपल्या ‘स्था’ धातूचे सगोत्र आहे. इंग्रजीतील ‘इन्स्टेड’ या शब्दातील ‘स्टेड’ म्हणजे जागा, आणि तोही याच मूळाचा. ‘इन ल्यू ऑफ’ यातील ‘ल्यू’ हा फ्रेंच शब्दही लॅटिन ‘लोकुस’पासून, म्हणजे पुन्हा जागेपासूनच आलेला आहे. मराठीत आपण ‘जागी’, ‘ठिकाणी’ म्हणतो त्याच कल्पनेवर ही सर्व शब्दयोजना उभी आहे. लॅटिन वाक्यात जो उभा केला जाई तो द्वितीयेत येई, आणि ज्याची जागा घेतली जाई तो ‘अमक्याच्या स्थानी’ अशा षष्ठ्यंत रचनेने किंवा ‘प्रो’ या अव्ययाने दाखविला जाई. म्हणजे कर्म नेहमी नव्याने येणारा.

रोमन कायद्यात या शब्दाला फार मोठे काम होते. मृत्युपत्र करणारा एक वारस नेमून, तो वारसा घेऊ न शकल्यास दुसरा कोण, हेही लिहून ठेवी. हा दुसरा म्हणजे ‘सुब्स्तितुतुस’. इ. स. पूर्व ९३ च्या सुमारास गाजलेल्या क्यूरियसच्या खटल्यात प्रश्न असा निघाला : आपल्याला मुलगा होईल आणि तो सज्ञान होण्यापूर्वी वारला तर मानियस क्यूरियस याने वारस व्हावे, असे कोपोनियस नावाच्या गृहस्थाने लिहून ठेवले होते. प्रत्यक्षात मुलगा झालाच नाही. जो जन्मलाच नाही त्याच्या जागी दुसरा कसा यावयाचा? स्किव्होला या थोर कायदेपंडिताने शब्दावर बोट ठेवले. क्रॅसस या वक्त्याने मृत्युपत्रकर्त्याचा हेतू पुढे केला, आणि निकाल क्रॅससच्या, म्हणजे क्यूरियसच्या बाजूने लागला. भाषेच्या अभ्यासकाला या खटल्यात रस वाटावा तो एवढ्यासाठी की, जाणारा कोण हे ठरल्याखेरीज येणाऱ्याला अर्थ नाही, ही गोष्ट तेथे न्यायासनासमोर मांडली गेली.

पंधराव्या-सोळाव्या शतकांत हा शब्द इंग्रजीत रुळला तो हीच दिशा घेऊन. ‘सब्स्टिट्यूट जॅगरी फॉर शुगर’ याचा प्रमाण अर्थ ‘साखरेऐवजी गूळ घाला’ असा होतो. गूळ येतो, साखर जाते, आणि ‘फॉर’ हे अव्यय जाणाऱ्यापूर्वी उभे राहते. कर्मणि प्रयोगातही ‘जॅगरी इज सब्स्टिट्यूटेड फॉर शुगर’ असेच म्हणावयाचे. अकर्मक योजनेतही ‘जॅगरी सब्स्टिट्यूट्स फॉर शुगर’ या वाक्यात दिशा बदलत नाही.

पण इंग्रजीत याच व्यापारासाठी ‘रिप्लेस’ हे दुसरे क्रियापद आहे, आणि त्याची मांडणी नेमकी उलट आहे. ‘रिप्लेस शुगर विथ जॅगरी’ यात कर्म साखर, म्हणजे जाणारी वस्तू. दोन क्रियापदांचा अर्थ जवळजवळ एक आणि रचना परस्परविरुद्ध, अशी स्थिती असली की एकीचा साचा दुसरीवर चढण्यास वेळ लागत नाही. ‘सब्स्टिट्यूट शुगर विथ जॅगरी’ हे वाक्य याच संकरातून जन्मले. फाउलर याने १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी प्रयोगकोशात या उलट्या वापरावर कोरडे ओढले आहेत. त्याचा राग व्यर्थ गेला, हे आजचे कोणतेही वृत्तपत्र उघडून पाहिले असता कळेल. मात्र तो राग सर्वस्वी अनाठायी होता असे आम्हांस वाटत नाही. ‘विथ’ किंवा ‘बाय’ सोबत असेल तर वाचकास उलटी दिशा निदान ओळखता येते. खरी अडचण अव्यय गळून पडते तेव्हा होते. ‘प्रॉसडी टु बी सब्स्टिट्यूटेड’ यात ना ‘फॉर’ आहे ना ‘बाय’. जुन्या वळणाचा वाचक त्यातून आगमन वाचतो, नव्या वळणाचा निर्गमन.

(‘रिप्लेस’ हेही अगदी निष्कलंक आहे असे नव्हे. त्याचा मूळ अर्थ परत जागेवर ठेवणे असा, आणि ‘रिप्लेस द बुक ऑन द शेल्फ’ यात तो आजही जिवंत आहे. तेथे कोणाच्या जागी कोणी येत नाही. गेलेलेच परत येते.)

उलट्या वापराला क्रीडावृत्तांनी फार मोठे बळ दिले. इंग्लंडमधील फुटबॉल लीगने १९६५-६६ च्या हंगामापासून प्रत्येक संघास एक राखीव खेळाडू मैदानात आणण्याची मुभा दिली, तीही प्रारंभी केवळ दुखापतीच्या प्रसंगी. २१ ऑगस्ट १९६५ रोजी चार्ल्टन संघाचा कीथ पीकॉक हा असा उतरणारा पहिला खेळाडू ठरला. जागतिक करंडकाच्या सामन्यांत ही सवलत १९७० पासून आली. येथे नामाची दिशा निर्विवाद आहे : ‘सब्स्टिट्यूट’ म्हणजे बाहेरून आत येणारा. परंतु ‘अमुक खेळाडू सत्तराव्या मिनिटास सब्स्टिट्यूटेड झाला’ असे वृत्तात येते तेव्हा तो बाहेर गेला, असेच सर्वजण समजतात. एकाच वाक्यात नाम येणाऱ्याचे आणि क्रियापद जाणाऱ्याचे, असा प्रसंग त्यामुळे उद्भवतो. मैदानावर दोघेही डोळ्यांसमोर दिसत असल्याने कोणाचे काही बिघडत नाही. इतिवृत्तात ते दिसत नाहीत.

क्रिकेटचा व्यवहार याहून सूक्ष्म आहे. तेथे ‘सब्स्टिट्यूट’ हा केवळ क्षेत्ररक्षणापुरता असतो; त्यास फलंदाजी वा गोलंदाजी करता येत नाही. २००५ साली ट्रेंट ब्रिज येथे रिकी पाँटिंग यास धावबाद करणारा गॅरी प्रॅट हा असाच तात्पुरता क्षेत्ररक्षक होता. त्या कसोटीतील अकरांत त्याची गणना नव्हती. पुढे २०१९ साली डोक्यास मार लागलेल्या खेळाडूऐवजी पूर्णाधिकारी खेळाडू घेण्याची सोय झाली आणि लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन याने फलंदाजी केली. अशा पूर्णाधिकारी खेळाडूसाठी नियमांत ‘रिप्लेसमेंट’ हा निराळा शब्द वापरण्यात आला. २०२२ साली मेरिलबोन क्रिकेट क्लबने नियमावलीत असे कलम घातले की, अशा बदली आलेल्या खेळाडूस तो ज्याच्या जागी आला तोच समजावे. त्या सामन्यात पहिल्यावर लागलेले निर्बंध, इतकेच नव्हे तर त्याचे बाद होणेही, दुसऱ्याकडे जावे. म्हणजे एकीकडे नुसता जागा भरणारा, आणि दुसरीकडे मूळ खेळाडूची सर्व देणीघेणी घेऊन येणारा. सामान्य इंग्रजीत हा भेद या दोन शब्दांत मुळीच नाही; तो नियमकर्त्यांनी आपल्या गरजेपोटी निर्माण केला.

संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकास हे कलम वाचताना ओळखीचे काही तरी भेटल्यासारखे वाटेल. पाणिनीने अष्टाध्यायीच्या १.१.५६ या सूत्रात आदेश हा स्थानीसारखा मानावा असे सांगून ठेवले आहे. फक्त वर्णाश्रित कार्यांपुरता त्यास अपवाद केला. ‘अस्’ या धातूच्या जागी विशिष्ट प्रत्ययांपूर्वी ‘भू’ येतो, आणि मूळ ‘अस्’ हा धातू असल्यामुळे ‘भू’लाही धातूची सर्व कार्ये प्राप्त होतात. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून मोलाचे सूत्र १.१.४९ हे होय. सूत्रांत ज्या षष्ठीचा दुसरा संबंध सांगितलेला नाही तिचा अर्थ ‘च्या स्थानी’ असा घ्यावा, ही व्यवस्था त्याने तेथे करून ठेवली. म्हणून स्वरसंधीचे सूत्र सांगताना जाणारे इ, उ, ऋ, ऌ हे षष्ठीत, येणारे य्, व्, र्, ल् प्रथमेत, आणि पुढे असणारा स्वर सप्तमीत, अशी योजना होते. सूत्रात क्रियापदच नाही. विभक्तीनेच येणारा, जाणारा आणि परिसर यांची ओळख पटते, आणि पदांचा क्रम कसाही लावला तरी दिशा पालटत नाही. इंग्रजीजवळ नामांच्या अशा विभक्ती उरल्या नाहीत. तिला क्रमावर आणि एका छोट्या अव्ययावर विसंबावे लागते, आणि अव्यय हलले की सर्व इमारत हलते.

रसायनशास्त्राने तर तिसऱ्याच घटकास हा शब्द चिकटविला. फ्रेंच रसायनज्ञ द्यूमा याने १८३४ च्या सुमारास दाखविले की सेंद्रिय संयुगातील हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसू शकतो. आज ‘सब्स्टिट्यूटेड बेंझीन’ म्हणतात तेव्हा बेंझीन आलेले नसते आणि गेलेलेही नसते. ज्यात बदल झाला ते ते असते. येणाऱ्या गटास ‘सब्स्टिट्युअंट’ असे स्वतंत्र नाव देऊन या शास्त्राने गोंधळ टाळला. द्यूमाच्या सिद्धान्ताची टिंगल करण्यासाठी व्होलर याने १८४० साली टोपणनावाने एक पत्र प्रसिद्ध केले. त्यात एका संयुगातील एकूण एक अणू काढून त्यांच्या जागी क्लोरीन घातल्यावरही पदार्थाचे गुण तसेच राहिले, आणि लंडनच्या दुकानांत निव्वळ क्लोरीनचे कापड विकावयास आले आहे, अशी थाप होती. सगळेच बदलल्यावर ‘बदललेले’ म्हणावयास काय उरते, हा त्या थट्टेतील प्रश्न मात्र थट्टेचा नव्हे.

कायद्याच्या भाषेत दिशेचा घोटाळा परवडत नाही, म्हणून तेथे एक ठाम साचा आढळतो. दुरुस्ती अधिनियमांत ‘फॉर’ने आरंभ करून प्रथम जुने शब्द सांगावयाचे, नंतर नवे शब्द, आणि शेवटी ‘शॅल बी सब्स्टिट्यूटेड’. मराठी अधिनियमांत याचे रूप ‘अमुक मजकुराऐवजी तमुक मजकूर दाखल करण्यात येईल’ असे असते, आणि ते मूळाइतकेच, किंबहुना मूळाहून अधिक स्वच्छ आहे. कारण ‘ऐवजी’ हा जाणाऱ्यालाच चिकटतो आणि ‘दाखल’ या शब्दात येण्यावाचून दुसरा अर्थ निघत नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत ‘सार्वभौम लोकशाही गणराज्य’ याऐवजी ‘सार्वभौम समाजवादी धर्मनिरपेक्ष लोकशाही गणराज्य’ असे शब्द घातले. वस्तुतः दोनच शब्द नवे होते. ते ‘समाविष्ट’ करता आले असते. पण मसुदाकारांनी पूर्ण पदसमूह काढून पूर्ण पदसमूह ठेवण्याची रीत स्वीकारली.

या रीतीचे परिणामही आहेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मेहताब माजिद आणि कोटेश्वर विठ्ठल कामत या, विधिवृत्तांत अनुक्रमे १९६३ व १९६९ साली आलेल्या, प्रकरणांत असे मानले की, ‘सब्स्टिट्यूशन’मध्ये दोन पायऱ्या असतात : जुना नियम नाहीसा होतो, आणि मग त्या जागी नवा येतो. म्हणून नवा नियम पुढे अवैध ठरला तरी जुना आपोआप जिवंत होत नाही. व्यवहारात आपण हा शब्द एकाच हालचालीचा म्हणून वापरतो. न्यायालयाने ती हालचाल दोन तुकड्यांत पाहिली, आणि दोन तुकड्यांच्या मधोमध जागा रिकामी राहू शकते हे दाखवून दिले.

आता मराठीकडे. ‘ऐवजी’ हा शब्द अरबी-फारसीतून आला. ‘ऐवज’ म्हणजे मोबदल्याची, किमतीची वस्तू. ‘प्रतिनिधी’ हा मीमांसकांचा शब्द. जैमिनीच्या सहाव्या अध्यायात विहित द्रव्य न मिळाल्यास त्याच्यासारखे कोणते चालते, जसे साळीऐवजी नीवार, याची चर्चा आहे, आणि देवतेस मात्र प्रतिनिधी नाही असा निर्णय आहे. आज त्या शब्दाने आमदार आणि वार्ताहर तेवढे आठवतात. ‘पर्याय’ हा शब्द ‘सब्स्टिट्यूट’साठी सर्रास वापरला जातो, आणि त्याविषयी आमची तक्रार आहे. पर्यायात निवड गृहीत असते. दोन्ही वस्तू हाताशी असून कोणतीही घ्यावी, असा त्याचा सूर असतो. ‘सब्स्टिट्यूट’ मात्र फक्त स्थान सांगतो. योग्यतेविषयी काहीच सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८१ च्या संहितेत मातेच्या दुधाच्या ‘सब्स्टिट्यूट’ची व्याख्या करताना, त्या दुधाऐवजी म्हणून विकला जाणारा कोणताही आहार, मग तो त्या कामास योग्य असो वा नसो, असे मुद्दाम नमूद केले आहे. आपल्याकडील १९९२ च्या अधिनियमाच्या नावातही हाच इंग्रजी शब्द आहे. अशा डब्यास मराठीत ‘आईच्या दुधाला पर्याय’ म्हटले की, संहितेने काळजीपूर्वक बाहेर ठेवलेली योग्यता भाषांतरकार आपल्या हाताने आत आणून बसवितो. ‘आईच्या दुधाऐवजी दिला जाणारा आहार’ हे लांब आहे, पण खरे आहे.

राहिला ‘बदली’. हा शब्द इंग्रजी कायद्यातही शिरला, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. मुंबईच्या कापडगिरण्यांत कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या साच्यावर ‘बदली’ उभा करीत. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहावयाचे, जॉबरने आत घेतले तर त्या दिवसाचा रोज, नाही तर परत खोलीवर. जॉबरची ही सत्ता आवरण्यासाठी मुंबईच्या गिरणीमालक संघाने १९३५ साली बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात १९५३ साली जी दुरुस्ती झाली तीत ‘बदली वर्कमन’ची व्याख्या आली : हजेरीपटावर ज्याचे नाव आहे अशा दुसऱ्या कामगाराच्या जागी कामास लावलेला, मात्र एक वर्षाची अखंड सेवा झाल्यावर त्यास बदली समजू नये. मसुदाकारांच्या हाताशी ‘सब्स्टिट्यूट’ हा शब्द होता. त्यांनी गिरणगावाचा शब्द घेतला, कारण त्या शब्दात हजेरीपटावर नाव नसण्याचे दुःख आधीच भरलेले होते आणि इंग्रजी शब्दात ते नव्हते.

पण या ‘बदली’कडे जरा निरखून पाहिले तर इंग्रजीला हसण्याचा आपला अधिकार संपतो. ‘बदली कामगार’, ‘बदली खेळाडू’ यांत बदली म्हणजे येणारा. ‘मामलेदारांची बदली झाली’ यात मामलेदार जाणारे. ‘दिवा बदलला’ यात कर्म जुना दिवा. फुटबॉलच्या वृत्तात इंग्रजी नाम व क्रियापद यांचे जे झाले तेच येथे विशेषणाचे आणि नामाचे झाले आहे, आणि मराठी वाचक त्यास कधी अडखळत नाही, कारण ‘झाली’ आणि ‘कामगार’ ही सोबतची पदे दिशा सांगून मोकळी होतात. ती पदे काढून नुसते ‘छंदःशास्त्र : बदली’ असे इतिवृत्तात लिहिले असते, तर त्या दोन प्राध्यापकांची गत मराठीतही तीच झाली असती.

मंडळाच्या पुढील सभेत नोंद सुधारण्यात आली. मूळ ठराव छंदःशास्त्राऐवजी ध्वनिविचार घेण्याचा होता. म्हणजे सहा आठवडे छंद शिकविणाऱ्या प्राध्यापकांचे श्रम फुकट गेले होते, आणि व्याकरणदृष्ट्या मात्र त्यांचेच वाचन जुन्या प्रमाणास धरून होते.